‘मांगं जाता आलं त काय बदलवसान?’

पत्र थोडक्यात असं: वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून ३६ वर्षांच्या एका शेतकरी वाचकानं लिहिलं आहे. डिप्लोमा झाल्यावर त्यांनी पुण्याजवळच्या एका कारखान्यात चार वर्षं कंत्राटी नोकरी केली. वडिलांना लकवा मारला म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये ती सोडून ते घरी आले. मे २०१९ मध्ये लग्न झालं. बायकोचं डी.एड. झालेलं आहे, मुलगी चार वर्षांची. सात एकर वावर, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर, एक विहीर. कोजागिरीच्या रात्री मुलगी झोपल्यावर दोघं स्लॅबवर बसून मोबाइलवर ‘अबाउट टाइम’ हा इंग्रजी सिनेमा पाहत होते. मोबाइल दुधाच्या गंजाला टेकवलेला, इअरफोनचं एक टोक यांच्या कानात, दुसरं तिच्या. खालची हिंदी अक्षरं यांना भराभर वाचता येत नव्हती, म्हणून ती वाचून सांगत होती. नायकाच्या बहिणीचा प्रसंग झाल्यावर तिनं सिनेमा थांबवला आणि विचारलं, ‘तुमाले मांगं जाता आलं त काय बदलवसान?’ हे चटकन म्हणाले, ‘पुन्याची नौकरी सोडली नसती.’ तिनं कानातलं टोक काढून यांच्या हातावर ठेवलं आणि खाली निघून गेली. उरलेला अर्धा तास यांनी दुसऱ्या दिवशी वावरात एकट्यानं पाहिला. तीन आठवडे झाले, ‘जेवाले या’ आणि ‘लाइन आली’ (म्हणजे वीज आली) यापलीकडे ती बोलत नाही. दिवाळीला आणलेल्या साडीची तिनं घडीसुद्धा मोडलेली नाही. ते विचारतात: ‘मी गंमत केली होती, असं सांगून टाकू का? आणि मला खरंच तसं वाटत असेल तर ते चूक आहे का? ती एक रात्र परत मिळाली असती तर मी दुसरं उत्तर दिलं असतं.’

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या इअरफोनपाशी थांबले. तिनं टोक फेकलं नाही, ओढलं नाही, तुमच्या हातावर ठेवलं. रागावलेलं माणूस असं करत नाही. रागाचं काय करायचं ते तुम्हाला ठाऊक असेल, सहा वर्षांच्या संसारात तेवढं शिकून होतं. इथं ती दुखावली आहे, आणि कशानं दुखावली हे तुम्हाला अजून नीट कळलेलं नाही असं मला वाटतं. म्हणून आधी सिनेमाबद्दल बोलू. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

ज्या वाचकांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. रिचर्ड कर्टिस यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा सिनेमा २०१३ चा. टिम नावाचा एक भिडस्त मुलगा एकवीस वर्षांचा होतो, तेव्हा वडील त्याला बाजूला बसवून सांगतात की आपल्या घराण्यातल्या पुरुषांना काळात मागे जाता येतं. अंधाऱ्या जागी उभं राहायचं, मुठी आवळायच्या आणि स्वतःच्याच आयुष्यातला एखादा क्षण डोळ्यांपुढे आणायचा. पोरगा कपाटात शिरतो आणि खरंच मागे जातो. मग आपण सगळ्यांनी केलं असतं तेच तो करतो. मुलीशी बोलताना फजिती झाली की परत जाऊन नीट बोलतो. हसायला येतं, कारण अशी फजिती आपल्या प्रत्येकाच्या खात्यावर जमा आहे.

पण दुरुस्ती करायला गेलं की दुसरीकडे काहीतरी उसवतं, हेही सिनेमा लवकरच दाखवतो. एका मिट्ट अंधाराच्या हॉटेलात त्याची मेरीशी भेट होते, तिचा नंबर मिळतो. वडिलांच्या ओळखीच्या नाटककाराची फसलेली रात्र सावरायला म्हणून तो मागे जातो आणि मोबाइलमधून मेरीचा नंबरच नाहीसा होतो. ती रात्र बदलली, म्हणून ती भेटही झालीच नाही.

आता बहिणीचा प्रसंग. बहीण वाईट माणसाच्या नादी लागून आयुष्य उधळते आहे, एके दिवशी तिच्या गाडीला अपघात होतो. टिम तिला घेऊन बरीच वर्षं मागे जातो आणि त्या माणसाशी तिची गाठच पडू देत नाही. बहीण सुखात दिसते. तो हसत घरी येतो, तर पाळण्यात त्याची मुलगी नाही. भलताच एक मुलगा आहे. मूल जन्मण्याआधीच्या काळात जाऊन काही हलवलं, तर तेच मूल पुन्हा जन्माला येत नाही. तो घाबराघुबरा होतो आणि केलेलं सगळं परत पुसतो. मुलीच्या जागी मुलगा मिळालाय आणि बापाला आपली मुलगीच परत हवी आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हा प्रसंग मोठ्यानं लावून दाखवावा असं मला वाटलं होतं.

तुमच्या बायकोनं सिनेमा नेमका इथं थांबवला. तीच तुम्हाला अक्षरं वाचून सांगत होती, म्हणजे हा नियम तुमच्या आधी तिच्या मनात उतरला होता. आणि तिनं विचारलं, मागं जाता आलं तर काय बदलाल? तुम्ही फेब्रुवारी २०१८ चं नाव घेतलंत. आता जरा हिशेब करा. नोकरी सोडली नसती तर २०१९ चं लग्न नाही, निदान हिच्याशी नाही. लग्न नाही तर खाली खोलीत झोपलेली पोरही नाही. तुम्ही बोललात नोकरीबद्दल. तिला ऐकू आलं, ‘तू नसतीस तरी चाललं असतं, आणि ही लेकही.’

तुम्हाला असं म्हणायचं नव्हतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तीन आठवडे ती हेच वाक्य मनात घोळवते आहे. साडीची घडी त्यामुळेच मोडली नाही. तिच्या लेखी साडी हे त्या वाक्याचं उत्तरच नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खरंच तसं वाटत असेल तर चूक का? नाही. वाटणं चूक नसतं. तुम्ही घरी आलात ते वर्ष आठवा. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं अख्ख्या विदर्भाच्या पऱ्हाटीचा घास घेतला होता. बोंडं दिसायला चांगली, फोडली की आत किडकी. त्यात बाप अंथरुणाला खिळलेला. अशा वेळी पोटच्या पोरानं नोकरी सोडून यावं लागणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि ‘बरं केलंस बाबू’ असं तुम्हाला त्या वेळी कुणी म्हणालं असेल का, मला शंका आहे. लकवा मारलेल्या वडिलांना कदाचित म्हणायचं असेल, जीभ वळली नसेल. तुम्ही जे सोडलंत त्याचं दुःख करायलाही तुम्हाला फुरसत मिळाली नाही, लगेच डवरणी आली. आठ वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट कोजागिरीच्या रात्री तोंडातून निघाली. इतकंच झालं.

फक्त एका गोष्टीबद्दल तुम्हाला टोकावंसं वाटतं. तुम्ही लिहिलंय की सोबतच्या मित्रांचे आज फ्लॅट आहेत, तुम्हीही आज तिथं असता. हे तुम्ही धरून चाललाय. तुमच्या मनातलं पुणं फेब्रुवारी २०१८ ला थांबलेलं आहे, पगार सात तारखेला होतोय, खोलीवर मित्र आहेत, वय अठ्ठावीस आहे. त्या पुण्यात २०२० ची टाळेबंदी आलेलीच नाही. त्या वर्षी कंत्राटावरची किती पोरं पाठीवर बॅग मारून आपापल्या गावी परतली, तुमच्याही गावात आली असतील. तुम्ही त्यात असता की फ्लॅटवाल्यांत, हे मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. जगलेल्या आठ वर्षांची न जगलेल्या आठ वर्षांशी तुलना केली तर न जगलेली नेहमीच सरस ठरतात. त्यांत कुणी आजारी पडत नाही, कुणी बोलायचं थांबत नाही.

मग करायचं काय?

गंमत केली होती, असं सांगू नका. ती खोटं ओळखेल आणि पुढच्या वेळी काही विचारणारच नाही. उगाच ताणूनही धरू नका की आपोआप निवळेल. निवळेल, तेही खरं आहे. कापूस घरात येतो, लग्नसराई लागते, माणसं बोलायला लागतात. पण मग ती गोष्ट तशीच तळाशी राहते आणि पाच-सात वर्षांनी भलत्याच भांडणात वर येते. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये अशी तळाशी राहिलेली वाक्यं फार असतात. ‘आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण पहिल्या वर्षी ते एकदा म्हणाले होते की...’ अशीच सुरू होतात ती.

तिला खरं सांगा, पण पूर्ण सांगा. कोजागिरीला तुम्ही अर्धंच सांगितलंत. मी तुमच्या जागी असते तर तुमच्याच बोलीत साधं म्हटलं असतं, ‘नौकरीचं मले वाईट वाटते, अजूनबी वाटते. पन ते बदलवलं असतं त तू नसती भेटली अन् पोरगीबी नसती, हे माह्या ध्यानातच नाही आलं. तुह्या ध्यानात आलं.’ एवढं म्हणून गप्प बसायचं. ती रडेल, नाहीतर ‘बरं’ म्हणून चुलीकडे वळेल. दोन्ही चालेल. लगेच हसून बोलली पाहिजे असा आग्रह धरू नका.

आणि आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तिनं तुम्हाला विचारलं. तुम्ही तिला उलट विचारलंत का? तुमच्या अख्ख्या पत्रात ते कुठंच नाही. ‘अन् तू? तू काय बदलवशीन?’ एवढे पाच शब्द. नवऱ्यासोबत एका तारेला बांधून सिनेमा पाहणारी बाई असा प्रश्न विचारते, तेव्हा अनेकदा तिला स्वतःला काहीतरी सांगायचं असतं. तिचं डी.एड. झालेलं आहे हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्या एका ओळीत दोन वर्षांचं शिक्षण आहे, पाठ घेतलेत, तक्ते बनवलेत, मग शिक्षक भरतीची वाट पाहिलीय. तुम्ही पुण्याहून गाडीत बसलात तसंच तीही कुठून तरी उतरून तुमच्या घरी आली आहे. तिच्याही मनात एक न जगलेलं आयुष्य असणार.

विचाराल तेव्हा ऐकायची तयारी ठेवा. कदाचित ती म्हणेल, ‘मी नागपूरलेच राहिली असती.’ कदाचित असं काही म्हणेल की त्यात तुम्हीही नसाल. तेव्हा तिला आज जे लागलंय ते तुम्हाला लागेल. लागू द्या. त्यावर लगेच ‘मग आता शिकवणी सुरू कर ना’ असा उपाय काढू नका. तुमच्या गावात पोरांना शिकवणारी हवी असेल आणि तिला हवं असेल तर तो विषय नंतर आपोआप निघेल. तुमच्या डिप्लोमाचंही तेच. गावातल्या मोटरी, फवारणीचे पंप, थ्रेशर दुरुस्त करायला तालुक्याला न्यावे लागत असतील, तर पुण्यातलं थोडंफार घरी आणता येईल. पण हे महिनाभरानं. आत्ता फक्त विचारायचं आणि ऐकायचं.

‘रोज तेच ते,’ असंही तुम्ही लिहिलंय. पहाटे लाइन आली की मोटर, दूध, मग वावर, संध्याकाळी काट्यावर कापूस, रात्री रोही (नीलगायी) आणि डुकरांसाठी जागल. हे तुम्ही कंटाळून लिहिलंत, मला मात्र वाचताना माझं घर आठवलं. माझं माहेर हिंगणघाटकडचं. वेचणीच्या दिवसांत आई वावरातून आली की तिच्या पदराला, केसांना, कोपरापाशी कापसाचे पुंजके चिकटलेले असायचे. बाबा दारात उभे राहून ते एकेक काढायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. बोलायचे काहीच नाहीत. आई इकडे दिवसाचा हिशेब सांगत असायची, कुणी किती किलो वेचला, कुणाचं पोर आजारी आहे, आणि यांची बोटं चालू. त्याच कापसाच्या ती वाती वळायची. बाबा पोळ्यानंतर गेले. त्या डब्यात वळलेल्या आणि न वळलेल्या मिळून इतक्या वाती होत्या की दिवाळी पार पडली तरी संपल्या नव्हत्या. आईनं तो डबा कितीतरी दिवस कुणाला हात लावू दिला नाही. आई-बाबांनी एकमेकांना प्रेमाचा एक शब्द म्हटलेला मी ऐकलेला नाही. पण तो दारातला पाच मिनिटांचा वेळ रोज असायचा आणि तो चुकला की आई अस्वस्थ व्हायची.

उरलेला अर्धा तास तुम्ही वावरात पाहिलात, म्हणजे वडिलांनी टिमला दिलेला सल्ला तुम्हाला ठाऊक आहे. एक दिवस नेहमीसारखा जगायचा, घाईत, वैतागत. मग मागे जाऊन तोच दिवस, जवळजवळ काहीएक न बदलता, पुन्हा जगायचा, या वेळी नीट बघत. टिम तसं करतो. साहेबाची बोलणी तीच, दुकानातली मुलगी तीच, आगगाडीत शेजारच्याच्या कानातलं कर्कश गाणंही तेच. दुसऱ्या वेळी तो त्या मुलीकडे बघून हसतो, असे छोटेच फरक. पुढे त्याला मागे जायची गरजच उरत नाही. आपण एका दिवसासाठी मुद्दाम मागे आलो आहोत असं समजून तो पहिल्याच वेळी नीट जगू लागतो.

याला कपाट लागत नाही. आणि खरं सांगू, शेतकऱ्याच्या घरात हे मला जास्त शक्य वाटतं, कारण तुमचे दिवस खरोखरच पुन्हा येतात. आज संध्याकाळी काट्यावर गाठोडं टांगताना वही कुणाच्या हातात असते? माझा अंदाज आहे, तिच्या. तुम्ही आकडा ओरडता, ती लिहिते. उद्या आकडा सांगून झाला की एकदा वहीकडे बघा. अक्षर कसं आहे, बायांची नावं ती कशी लिहिते, रकाने आखते का. मास्तरीण व्हायला निघालेली बाई हिशेबाची वही कशी ठेवते, हे तुम्ही सहा वर्षांत पाहिलंय का? पहिल्या दिवशी काही बोलू नका. फक्त बघा. मग एखाद्या दिवशी सहज म्हणा, की तुझं अक्षर चांगलं आहे. साडीनं जे झालं नाही ते यानं होईल अशी हमी मी देत नाही, पण हे खास तिच्याबद्दलचं असेल.

इतर वाचकांनाही हेच सांगेन. ‘मागे गेलो तर’ हा खेळ घरात जरूर खेळा, पण नियम ठरवून. ज्याचं त्यानं उत्तर द्यायचं आणि लगेच दुसऱ्याला विचारायचं. उत्तरात न आवडणारं काही आलं तर त्या रात्रीच त्याचा निकाल लावायचा नाही. आणि अठ्ठावीसव्या वर्षी जो निर्णय घेतला तो तेव्हा जे माहीत होतं त्यावर घेतला, एवढा मान स्वतःलाही द्यायचा.

एक गोष्ट मी सोडू शकत नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की जागलीच्या पाळ्या नसतानाही झोप येत नाही, विचार थांबत नाहीत. ते तसंच चालू राहिलं, जेवण तुटलं, कशात मन लागेना, जगण्याचा कंटाळा येतोय असं वाटू लागलं, तर बायकोला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. आपल्या भागात या गोष्टी मनात दाबून ठेवल्यानं काय झालंय हे मी तुम्हाला सांगायला नको. हा फोन करणं म्हणजे डोकं फिरलंय असं नाही. गुडघा दुखतो म्हणून आपण डॉक्टरकडे जातोच की.

आणि तो सिनेमा. तिनं जिथं थांबवला त्यापुढचं तिनं अजून पाहिलेलं नाही. टिम आणि त्याच्या वडिलांचं समुद्रकाठचं शेवटचं फिरणं तिला माहीत नाही, दोनदा जगायच्या दिवसाचं माहीत नाही. तुम्ही एकटे पुढे निघून गेला आहात. बोलणं झाल्यावर, एखाद्या रात्री पोर झोपली की मोबाइल चार्ज करून स्लॅबवर न्या. थंडी पडायला लागली आहे, वाकळ घ्या. शेवट पाहिलाय हे आधी सांगून टाका, लपवू नका. इअरफोनचं एक टोक तिच्या हातावर ठेवा आणि अक्षरं तिलाच वाचू द्या.